चॉकलेट देऊन वागायला शिकवता का?

शाळेत बिहेवियर थेरपी, म्हणजे मुलांच्या त्रासदायक वागण्यामागचं कारण शोधून ते बदलायचं काम, करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लग्नाच्या पंगतीत असो, नाहीतर स्टाफरूममध्ये. "म्हणजे मुलानं ऐकलं की चॉकलेट द्यायचं. ही लाचच झाली की!" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बक्षीस देते, हो. चॉकलेट फार क्वचित. मूल दुकानात लोळायला लागल्यावर "गप्प बस, चॉकलेट घेऊन देते" म्हणणं ही लाच. लोळलं की मिळतं, एवढंच त्यातून मूल शिकतं. मी आधीच ठरवते, तेही मुलाला विचारून: एवढं झालं की हे. आमच्याकडे एक मुलगा तीन गणितं झाली की मधल्या सुट्टीची घंटा वाजवायला जायचा. त्या घंटेपुढे जगातलं कुठलंही चॉकलेट फिकं होतं. "आधी जेव, मग खेळायला जा" हे प्रत्येक आजी सांगत आली आहे. डेव्हिड प्रीमॅक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली तेच तत्त्व शास्त्रीय भाषेत मांडलं, आणि गंमत म्हणजे त्याला 'आजीचा नियम' असंही म्हणतात.

पण बक्षीस हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम वहीत चालतं. वहीत तीन रकाने असतात: आधी काय झालं, मुलानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. बाई म्हणतात, "तो उगाचच बाक ढकलतो हो." आठवडाभर नोंदी केल्या की ते 'उगाच' कुठल्याच रकान्यात बसत नाही.

चौथीतला एक मुलगा घ्या. बोलण्यात हुशार, लिहिताना मात्र हात जड. "फळ्यावरचं उतरवून घ्या" असं ऐकलं की तो बाक ढकलायचा, शेजाऱ्याची वही ओढायचा. बाई म्हणायच्या, "बाहेर उभा राहा." बाहेर शिपाईकाका, त्यांच्याशी गप्पा, आणि तास संपेपर्यंत लिखाण नाही. बाईंच्या लेखी ही शिक्षा होती. त्याच्या लेखी सुटका. शिवाय तो बाहेर गेला की वर्ग शांत व्हायचा, म्हणजे बाईंनाही बक्षीस मिळत होतं. दोघंही एकमेकांना पक्कं शिकवत होते, आणि तक्रार मात्र एकट्या मुलाची.

मुलं असं वागतात त्यामागे साधारण चार कारणं सापडतात: कुणीतरी लक्ष द्यावं, नकोशा कामातून सुटावं, एखादी वस्तू मिळावी, किंवा ते करताना शरीराला बरं वाटतं म्हणून. "दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल" हा सल्ला सगळेच देतात. सुटका हवी असलेल्या मुलाकडे दुर्लक्ष केलं तर त्याची सोयच होते. लक्ष हवं असलेलं मूल दुर्लक्ष केल्यावर आधी दुप्पट आवाज करतं, आणि नेमकं तेव्हाच आपण वैतागून त्याच्याकडे बघतो. चाळीस मुलांच्या वर्गात कुठल्या बाईंना तेवढा वेळ कळ काढता येणार? पाळता येणार नाही अशी योजना बाईंच्या हातात देणं मला पटत नाही.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिलं की त्रासदायक वागण्यातून मूल जे मिळवतं, तेच मागायची साधी रीत शिकवली की ते वागणं कमी होतं. आम्हीही त्या मुलाच्या बाकावर एक कार्ड ठेवलं: 'जरा थांबू?' कार्ड दाखवलं की दोन मिनिटं पाणी पिऊन यायचं. फळ्यावरून उतरवण्याऐवजी मजकूर छापून त्याच्या समोर ठेवला आणि पंधरा ओळींच्या पाच केल्या. सुरुवातीला तो सारखं कार्ड दाखवायचा. "आता हा दिवसभर पाणीच पिणार," बाई म्हणाल्या. पिऊ दे. मागितलं की मिळतं ही खात्री आधी पटावी लागते, मग हळूहळू थांबायला शिकवता येतं. बक्षिसांचंही तसंच, ती आयुष्यभर पुरवायची नसतात.

या शास्त्रावर होणारी टीका मला ठाऊक आहे, आणि बरीचशी मान्यही आहे. आयव्हार लोवास हे या उपचारातलं मोठं नाव. १९६०च्या दशकात त्यांनी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर थपडा आणि विजेचे झटकेही वापरले होते. अशा उपचारांतून गेलेली मुलं आज मोठी होऊन बोलताहेत, आणि त्यांचं ऐकायला हवं. "त्याचं सारखं हात हलवणं तेवढं बंद करा" असं स्वमग्न मुलांचे पालक सांगतात, तेव्हा मी विचारते, त्यानं कुणाला लागतं का? लागत नसेल तर ते माझ्या उद्दिष्टांत येत नाही. "माझ्या डोळ्यांत बघ" हेही नाही. शौचाला जायचंय हे सांगता येणं, रस्ता ओलांडताना थांबता येणं, नको असेल तेव्हा 'नको' म्हणता येणं, ही माझी यादी.

अडचण आहे ती माणसं कमी असण्याची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे आणि पुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. प्रत्यक्षात एकच बाई तीन मजले चढत-उतरत असते. म्हणून वहीतल्या निम्म्या नोंदी मी वर्गातल्या मावशींकडून घेते, आणि खरं सांगू, त्या जास्त अचूक असतात. मावशी 'हट्टी आहे' असं लिहीत नाहीत. 'पंखा लावल्यावर कान झाकले' असं लिहितात.

तेव्हा तुमच्या लेकाच्या शाळेतून पुन्हा "फार त्रास देतो" असा निरोप आला तर चॉकलेटचं राहू द्या. कुठल्या तासाला, काय सांगितल्यावर, आणि त्यानंतर त्याला कुठे पाठवलं, एवढं विचारा. सांगता आलं नाही तर आठवडाभर लिहून ठेवायला सांगा. ती वही घेऊन या, मग बसून बोलू.