उतरवायची गोळी नसते, चुकीची गोळी मात्र असते

सुट्टीच्या सकाळी काउंटरवर येणारं एक विशिष्ट गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखते. डोळ्यांवर गॉगल, आवाज बसलेला, आणि पुढे कोणी उभं असेल तर ते जाईपर्यंत टूथपेस्टच्या कप्प्याकडे फार लक्षपूर्वक बघणं. मग हळूच प्रश्न येतो. "मॅडम, काल जरा जास्त झाली. उतरायची काही गोळी असेल ना?"

नसते. मी फार्मासिस्ट आहे आणि माझ्या मागच्या कपाटांत शेकडो औषधं आहेत, पण रक्तातली दारू लवकर संपवणारं त्यात एकही नाही. डोकेदुखीवर आहे, मळमळीवर आहे, शोष पडला असेल तर त्यावरही आहे. पण दारू उतरवणं हे यकृताचं काम, आणि त्याला घाई करता येत नाही. पोटात गेलेल्या अल्कोहोलपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतच मोडतं. श्वास, लघवी आणि घाम यांतून जातं ते किरकोळ. त्यामुळे पळून घाम काढा, गार पाण्याने आंघोळ करा नाहीतर कडक कॉफी प्या, वेग तोच राहतो. कॉफीने झिंगलेला माणूस जागा होतो, पण झिंगलेलाच राहतो.

हा वेग साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम. आता हिशेब करा. ४० टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ६० मिलिच्या पेगमध्ये जवळपास १९ ग्रॅम अल्कोहोल असतं. रात्री आठला सुरुवात करून बारापर्यंत असे चार घेतले, तर ७६ ग्रॅम झाले. तासाला ८ ग्रॅम धरले तरी रक्त स्वच्छ व्हायला पहाटेचे साडेपाच वाजतात. सहा घेतले असतील तर सकाळचे दहा वाजून जातात. आणि हा माणूस आठ वाजता आंघोळ करून, 'झोप झाली, आता फ्रेश आहे' म्हणत गाडी बाहेर काढतो! झोपेने वेग वाढत नाही, हे कोणालाच पटत नाही.

याच हिशेबात आणखी एका तक्रारीचं उत्तर आहे. "सकाळी ठीक होतो, दुपारी डोकं फुटायला लागलं." सकाळी ठीक होतात कारण अजून चढलेलीच होती. रक्तातलं अल्कोहोल शून्याच्या आसपास येतं तेव्हा हँगओव्हर सगळ्यात जोरात असतो.

आता गोळ्यांकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

सगळ्यात जास्त मागणी पॅरासिटामोलला. अधूनमधून पिणाऱ्या धडधाकट माणसाने दुसऱ्या दिवशी नेहमीच्या मात्रेत घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण मी विचारते, "रोज पिता का?" आणि गिऱ्हाईक माझ्याकडे आपण पोलीस चौकीत आलो आहोत असं बघतं. चौकशी चारित्र्याची नसते. पॅरासिटामोलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला लगेच निकामी करतं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या यकृतात तो विषारी पदार्थ जास्त तयार होतो आणि ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. त्यातून काही खाल्लेलं नसेल तर आणखी कमी. अशा माणसाला, जी मात्रा इतरांना चालते ती चालेलच असं मी सांगू शकत नाही. त्याला डॉक्टरांना विचारायलाच सांगते.

दुसरा घोळ दुहेरी डोसचा. डोक्यासाठी पॅरासिटामोल घेतली, अंग मोडून आलंय म्हणून वर सर्दी-तापाची गोळी घेतली. तिच्यातही बहुतेकदा पॅरासिटामोलच असतं. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, आणि तीही निरोगी यकृताला. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायची त्या दिवशी कोणाची तयारी नसते, हे मला समजतं. म्हणून मीच वाचून दाखवते.

आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन यकृताच्या बाबतीत सोप्या, पोटाच्या बाबतीत नाही. रात्रभर दारूने जठराचं अस्तर आधीच चिडलेलं असतं, त्यावर या गोळ्या रिकाम्या पोटी म्हणजे आगीत तेल. काही खाऊन मगच घ्यायच्या. अल्सर असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर घ्यायच्याच नाहीत. उलटीत रक्त किंवा काळपट काही दिसलं तर माझ्याकडे न येता थेट दवाखाना गाठायचा.

काही जण हुशारी म्हणून झोपतानाच गोळी घेतात, सकाळी त्रास नको म्हणून. पॅरासिटामोलचा असर चार-सहा तासांत ओसरतो. हँगओव्हर जागा होईपर्यंत गोळी संपलेली असते, आणि यकृताला दोन्ही कामं एकाच वेळी दिलेली असतात. पिण्याआधी अ‍ॅस्पिरिन घेणारे त्याहून पुढचे. जठरातही थोडी दारू मोडली जाते, ते काम अ‍ॅस्पिरिन मंदावते, आणि रक्तातलं अल्कोहोल उलट वाढू शकतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. लघवी आवरून धरणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दारू दाबून टाकते, म्हणून रात्री खेपा होतात आणि सकाळी जीभ टाळूला चिकटते. पाणी प्या, उलट्या झाल्या असतील तर ओआरएस प्या, एका दमात नको, घोटाघोटाने. बरं वाटेल. पण तहान भागली म्हणजे हँगओव्हर गेला असं होत नाही. शरीरात त्या वेळी सूज आणणाऱ्या रसायनांची वेगळी गडबड चालू असते, आणि झोपही फाटलेली असते. दारूने डोळा पटकन लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप सारखी मोडते. म्हणून दुपारची एक खरी झोप अर्ध्या औषधांपेक्षा बरी.

राहिलं ते 'अँटी-हँगओव्हर' सॅशे आणि कॅप्सूल. आम्ही ठेवतो, कारण लोक मागतात आणि त्यात कमाई चांगली आहे. पण मला विचारलंत तर सांगते. २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा उपायांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, आणि कुठलाही उपाय ठामपणे चालतो असं त्यांना आढळलं नाही. पुढे असाच आढावा पुन्हा झाला, २१ चाचण्यांचा, आणि पुरावा अगदीच कच्चा निघाला. माझं ऐकून सॅशे परत ठेवणारे थोडेच. बाकीचे 'असू दे, घेऊन बघतो' म्हणतात, आणि मीही बिल करते.

आदल्या संध्याकाळी करण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते फुकट आहे. आधी नीट जेवा. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं, पोटात अन्न असलं की ते तिकडे सावकाश उतरतं. चकणा म्हणजे जेवण नव्हे. दोन ग्लासांच्या मध्ये एक ग्लास पाणी घेतलं की हात आपोआप मंदावतो, माझ्या मते पाण्याचा खरा फायदा हाच. सोडा किंवा फसफसणारं पेय मिसळलं की दारू अनेकांना लवकर चढते. आणि रंग गडद असलेल्या दारूत, विशेषतः बर्बन या अमेरिकन व्हिस्कीत, काँजेनर म्हणतात ती उपउत्पादनं व्होडकापेक्षा कितीतरी जास्त असतात, सकाळही तशीच उगवते. आधी बिअर की आधी वाइन यावर मित्रमंडळी तासन् तास भांडतात. २०१९ साली ९० जणांवर तो प्रयोग झाला, क्रमाने काही फरक पडला नाही. किती चढली आणि उलटी झाली का, यावरून मात्र दुसऱ्या दिवसाचा अंदाज लागत होता.

आमचे भाऊजी यातलं काहीच ऐकत नाहीत. त्यांचा विश्वास उताऱ्यावर. "वहिनी, काट्याने काटा काढायचा असतो." गंमत म्हणजे त्यांना बरं वाटतं ते खोटं नाही. दारूत किंचित मिथेनॉल असतं आणि यकृत आधी इथेनॉल, म्हणजे दारूतलं मुख्य अल्कोहोल, संपवून मग त्याच्याकडे वळतं. मिथेनॉल मोडताना फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्ल ही विषारी रसायनं तयार होतात. सकाळी पुन्हा एक पेग टाकला की यकृत परत इथेनॉलला लागतं आणि ते प्रकरण पुढे ढकललं जातं. "म्हणजे चालतं ना?" भाऊजी म्हणाले. "चालतं, पण हँगओव्हर दुपारऐवजी संध्याकाळी येतो," मी म्हटलं. "संध्याकाळी तर आपण बसलेलोच असतो," हे त्यांचं उत्तर. यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

पण उताऱ्याशिवाय हात थरथरायचे थांबत नसतील, घाम फुटत असेल, तर तो हँगओव्हर नाही. शरीराला दारूची सवय लागल्याची ती खूण आहे. अशा माणसाने जिद्दीने एका दिवसात बंदही करू नये, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर.

मेट्रोनिडाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध चालू असताना दारू नको, हे मी पाकीट देतानाच सांगते. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर दोनदा सांगते, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

आणि रात्री फोन करून 'तो उठतच नाहीये, काय देऊ' असं विचारणाऱ्यांसाठी: काही देऊ नका. हलवून, हाक मारून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी पडत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच अँब्युलन्स बोलवा. ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा, उताणा नको, उलटी घशात अडकते. बोटं घालून उलटी काढू नका, कॉफी पाजू नका आणि त्याला एकटं सोडून झोपायला जाऊ नका. शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढतच असतं.