दिवाणखान्यातल्या संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना

कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले छोटे डेस्कटॉप जुन्या बाजारात बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात. सातव्या पिढीचा इंटेल आय-३ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असलेला तसाच एक नग मी टीव्हीमागे लावण्यासाठी घेतला. त्यावर विंडोज १० होते आणि अडचणीची सुरुवात तिथेच झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले, आणि विंडोज ११ला इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. अटींना बगल देऊन ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत; परंतु जे यंत्र आई-बाबा रोज वापरणार, त्याच्यावर पुढच्या अपडेटची टांगती तलवार मला नको होती.

तरीही विंडोज मी लगेच बाद केले नाही, कारण प्रश्न ओटीटीचा होता. नेटफ्लिक्ससारख्या सेवा चित्र किती स्पष्ट द्यायचे हे ठरवताना केवळ इंटरनेटचा वेग पाहत नाहीत; कुलूपबंद पाठवलेला व्हिडिओ तुमच्या यंत्रात कुठे उघडला जातो, हेही पाहतात. गूगलच्या वाइडवाइन या पद्धतीत एल१ हा सर्वांत वरचा स्तर असून त्यात हे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होते, तर एल३मध्ये ते साध्या सॉफ्टवेअरमध्ये होते. लिनक्स या विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या ब्राउझरच्या वाट्याला एल३ येतो, त्यामुळे पूर्ण पैसे भरूनही अनेक सेवांचे चित्र तिथे कमी दर्जाचे दिसते. यात संगणकाच्या ताकदीचा काही संबंध नाही, आणि माझ्या मते घरच्या थिएटरसाठी ऑपरेटिंग सिस्टीम निवडताना सर्वांत आधी विचारात घ्यायची गोष्ट हीच आहे.

मग आम्ही या संगणकावर नक्की काय पाहणार, याची यादी केली. जुन्या नाटकांच्या व्हीसीडी, डीव्हीडीवरून उतरवून घेतलेले चित्रपट, लग्नामुंजींची चित्रीकरणे आणि फोनमधले व्हिडिओ. ओटीटीची ॲप्स टीव्हीत मुळातच आहेत आणि ती व्यवस्थित चालतात. म्हणजे विंडोज ठेवण्याचे एकमेव सबळ कारण आमच्या घरापुरते उरलेच नाही. (मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे मीडिया सेंटर याच कामासाठी होते, विंडोज १०मधून ते काढून टाकले गेले, याची हळहळ मला अजून वाटते.)

राहिले दोन पर्याय: लिनक्स मिंट ही लिनक्सची नेहमीच्या डेस्कटॉपची आवृत्ती बसवून त्यावर कोडी हे व्हिडिओ पाहण्याचे सॉफ्टवेअर चालवणे, किंवा कोडीसाठीच बनवलेली लिबरइलेक ही लिनक्सची आवृत्ती थेट बसवणे. कोडीचा जन्म एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी झाला आणि २०१४पर्यंत ते एक्सबीएमसी या नावाने ओळखले जात असे. मुळात टीव्हीसमोर बसून वापरण्यासाठीच घडलेले असल्याने त्याची अक्षरे कोचावरूनही वाचता येतात. मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. ते उत्तम आहे, पण डेस्कटॉप म्हटला की पासवर्ड, अपडेटच्या सूचना आणि कधी ना कधी माउस हे ओघाने आलेच. लिबरइलेकमध्ये डेस्कटॉपच नाही. कोडी चालण्यापुरते लिनक्स, एवढाच त्याचा पसारा असून मुख्य प्रणालीचा भाग केवळ वाचता येण्याजोगा ठेवलेला असतो, त्यामुळे वीज अचानक गेली तरी प्रणालीच्या फाइल बिघडण्याची धास्ती कमी. त्याचा इन्स्टॉलर मात्र निवडलेली डिस्क संपूर्ण पुसतो, म्हणून व्हिडिओ मी वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवले.

खरा फरक चित्राच्या गतीत दिसला. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा आणि टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणारा असेल, तर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे फिरू लागला की चित्र अडखळते. आपल्याकडच्या व्हीसीडी बहुधा पाल पद्धतीच्या, म्हणजे २५ फ्रेमच्या. त्यांना ५० हर्ट्झ हवे. कोडीच्या सेटिंगमध्ये प्लेअर विभागात व्हिडिओनुसार डिस्प्लेचा रिफ्रेश रेट बदलण्याची सोय आहे. ती ‘स्टार्ट/स्टॉप’वर ठेवली की व्हिडिओ सुरू होताच पडदा क्षणभर काळा होतो आणि टीव्ही योग्य वेगावर जातो. तो काळा क्षण बाबांना आधी बिघाड वाटला, पण नाटकात पात्र रंगमंच ओलांडून जाताना चित्र सलग राहिलेले पाहिल्यावर त्यांची तक्रार मिटली. अर्थात व्हीसीडीचे मूळ चित्रच ३५२ बाय २८८ पिक्सेलचे, त्यामुळे ते ४३ इंची पडद्यावर धूसर दिसते आणि त्यावर कोणत्याही प्रणालीकडे इलाज नाही.

रिमोटचा प्रश्न निराळा होता. टीव्हीच्या रिमोटनेच जोडलेले यंत्रही चालवता येणारी एचडीएमआय-सीईसी ही सोय रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकामध्ये असते, डेस्कटॉपमध्ये सहसा नसते. म्हणून फ्लर्क नावाचा यूएसबी रिसीव्हर घेतला. लॅपटॉपवर त्याचे ॲप उघडून पडद्यावरची एकेक कळ निवडायची आणि रिमोटचे हवे ते बटण दाबायचे. ही जोडी त्या रिसीव्हरमध्येच साठते आणि संगणकाला तो कीबोर्ड म्हणूनच दिसतो. जुन्या सेट-टॉप बॉक्सचा पडून असलेला रिमोट अशा रीतीने कामी आला.

यूट्यूबचे ॲड-ऑन (वरून जोडायची सोय) कोडीत आहे, पण त्यासाठी गूगलकडून स्वतःची एपीआय की, म्हणजे त्यांची सेवा वापरण्याची सांकेतिक किल्ली, तयार करून घ्यावी लागते. त्या खटाटोपात मी पडलो नाही. यूट्यूब टीव्हीच्याच ॲपवर पाहतो. सगळे मनासारखे बसल्यावर लिबरइलेकच्या सेटिंगमधून बॅकअप घेतला आणि ती फाइल लॅपटॉपवर ठेवून दिली.