दोन्ही बाजू कोरड्या

शनिवारी माझ्याकडे सात-आठ मुलं विज्ञानाच्या वर्गाला येतात, नऊ ते बारा वयाची. प्राण्यांवर प्रयोग करायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "ताई, मुंगीला राग येतो का?" प्रश्न झकास आहे, पण मुंगीला तो विचारायचा कसा? मुंगीने काय केलं की आपण त्याला राग म्हणायचं? ते मोजायचं कसं? अशी छाटणी सुरू झाली की काहींचा उत्साह मावळतो. मावळू दे. उरलेली मुलं कामाला लागतात.

या वेळी आमच्याकडे होते पिलबग. ओलसर दगड उचलला की खाली सापडतात ते, हात लावला की गोळी होणारे राखाडी जीव. पायांच्या सात जोड्या, म्हणजे हे कीटक नव्हेतच. खेकडा आणि कोळंबी यांचे नातलग, पण जमिनीवर राहायला आलेले. श्वासाचे अवयव पोटाखाली असतात आणि ते ओलसर राहावे लागतात. हे मी मुलांना आधी सांगितलं नाही.

बुटाच्या खोक्यात एका बाजूला ओला टिश्यू पेपर, दुसऱ्या बाजूला कोरडा. मधोमध दहा पिलबग. पंधरा मिनिटांनी ओल्या बाजूला आठ, कोरड्या बाजूला दोन. टाळ्या. गेली कित्येक वर्षं मी हा प्रयोग इथेच थांबवत आले, 'त्यांना ओलावा आवडतो' असं फळ्यावर लिहून.

या वेळी एक मुलगी म्हणाली, "पण ताई, ओली बाजू खिडकीपासून लांब होती."

होती खरी. मी खोकं जिथे जागा मिळाली तिथे ठेवलं होतं. तिने ते उलटं फिरवलं, पुन्हा पंधरा मिनिटं. पुन्हा ओल्याकडेच. मला हायसं वाटलं, तिला मात्र नाही. तिला दोन्ही बाजू कोरड्या ठेवून बघायचं होतं. बाकीची मुलं वैतागली. दोन्हीकडे सारखंच असेल तर बघायचं काय? मुलांना सर्वात न पटणारी गोष्ट हीच, आणि मी ती समजावून सांगायच्या फंदात पडत नाही. करून बघा म्हणते.

दोन्ही बाजू कोरड्या असताना नऊ पिलबग एकाच कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून!

पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. म्हणजे हे प्राणी कडेकडेने चालतात, कोपरा धरतात आणि एकमेकांजवळ गोळा होतात, ओलावा असो वा नसो. मग मघाचे आठ हे आठ जणांचं मत होतं, की एक गेला म्हणून बाकीचे गेले? "वर्गातल्या मतदानासारखं," एक मुलगा म्हणाला. अगदी तसंच.

मग मांडणी मुलांनीच बदलली. खोक्याऐवजी गोल ताटली, म्हणजे कोपरेच नकोत. एका वेळी एकच पिलबग. दरवेळी नवा टिश्यू पेपर, आधीच्याचा वास राहायला नको म्हणून. ओली बाजू आलटून-पालटून. दहा जण एकेक करून सोडायला दोन शनिवार गेले. दहापैकी सात ओल्या बाजूला. दोन्ही बाजू कोरड्या ठेवल्या तेव्हा पाच-पाच. आकडे आधीपेक्षा कमी रुबाबदार, पण त्यांच्यावर माझा भरवसा जास्त.

'आवडतं' या शब्दावर वेगळं भांडण झालं. कुणीतरी टिश्यू पेपरखाली आलेखाचा कागद सरकवला आणि पिलबग एका मिनिटात किती चौकोन ओलांडतो ते मोजलं. कोरड्यात तीस-पस्तीस, ओल्यात दहाच्या आत, कधी कधी सरळ थांबलेलाच. म्हणजे तो ओलावा शोधत जातो असं म्हणायची गरजच नाही. कोरड्यात धावत सुटायचं, ओल्यात रेंगाळायचं, एवढं केलं तरी शेवटी तो ओल्यातच सापडणार. मुलांनी वहीतलं 'आवडतं' खोडून 'ओल्या बाजूला जास्त वेळ असतात' असं लिहिलं.

हे बघताना मला चार्ल्स हेन्री टर्नर आठवत राहिले. पीएच.डी. झालेले हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ सेंट लुईसमधल्या शाळेत शिकवायचे. मधमाश्यांना रंग कळतात का, यावर त्यांनी १९१० मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. रंगीत चकत्या आणि मध, एवढ्यावर काम. माशी रंगाकडे येते की वासाकडे, हे सुटं करण्यासाठी त्यांनी मांडणी पुन्हा पुन्हा बदलली. आमची ताटली त्याच जातीची, असं मी मुलांना सांगितलं. थोडं फुगवून सांगितलं, कबूल.

आमचे नियम दोनच: प्राण्याला इजा होईल असं काही करायचं नाही (गोगलगायीवर मीठ टाकायची सूचना दरवर्षी येते, दरवर्षी नापास होते), आणि जिथून आणला तिथेच त्याच दिवशी परत सोडायचा. दगडही होता तसाच ठेवायचा.

परवा तो दगड पुन्हा उचलला, तर खाली एकही पिलबग नाही. आपण छळलं म्हणून गेले, की माती वाळली म्हणून? त्या मुलीचं म्हणणं, शेजारचा एक दगड हवा, ज्याला आपण कधी हातच लावला नाही. पण उचलल्याशिवाय त्याच्या खाली कोण आहे ते कळणार कसं? सध्या गाडी तिथे अडली आहे.