वळलेली पावले आणि शाळेचा वाटा

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून केलेल्या कामाविषयी स्मरणिकेत लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा जन्मतः आत वळलेल्या पावलांच्या उपचाराविषयीच लिहायचे मी ठरवले, कारण त्या कामात आपल्या शाळेचा प्रत्यक्ष वाटा आहे.

मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होतो, त्या काळात अशा पावलांवर मोठी शस्त्रक्रिया करण्याची रीत होती. आखडलेले बंध सोडवले की पाऊल सरळ दिसे. पण तेच मूल मोठे होऊन परत आले, म्हणजे पाऊल पुष्कळदा ताठर आणि दुखरे झालेले आढळे. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी निराळी वाट कधीच दाखवली होती. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने वळवून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. आधी तळव्याची खोल कमान सैल करायची, मग घोट्यातील हाडाच्या डोक्यावर बाहेरून अंगठा टेकवून सबंध पाऊल बाहेर न्यायचे आणि टाच सर्वांत शेवटी खाली आणायची. त्यासाठी टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोरीसारखा बंध, बहुतेक बाळांत लहानशा छेदातून कापावी लागते, आणि शेवटच्या प्लास्टरच्या तीन आठवड्यांत ती पुन्हा जुळते. त्यांचा निबंध १९६३ मध्ये छापला गेला. पण वैद्यकविश्वाने तो मनावर घेतला तो १९९५ नंतर, जेव्हा सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या रुग्णांना शोधून तपासले गेले आणि तपासलेल्या ७१ पावलांपैकी ७८ टक्के पावलांचा निकाल उत्तम किंवा चांगला निघाला. त्या पद्धतीइतकाच रुग्णांचा हा शोध मला मोलाचा वाटला.

आपल्याकडे हा शोध कठीण, कारण प्लास्टर संपल्यावर बाळाला पट्टीने जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात, आणि तेवढ्यात आटपाडी-खानापूरकडची कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी दूरच्या प्रांतांत निघून जातात. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते. अशा वेळी त्या भागात शिक्षक झालेले माझे वर्गमित्र मुलांच्या आजी-आजोबांकडून पत्ते मिळवून देत आणि यात्रेला गावी आलेल्या मुलांना तपासणीसाठी घेऊन येत. माझ्या नोंदवह्या पूर्ण राहिल्या त्या या मंडळींमुळे.

आणखी एक ऋण आहे. ग्रहणात काही चिरले म्हणून असे झाले, हा दोष माथी घेऊन आलेल्या आया आजही भेटतात. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला गावातली दारे बंद असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हाला मैदानावर नेऊन, पुठ्ठ्याच्या छिद्रातून कागदावर पडलेली सूर्याची कोर दाखवली होती. ही आठवण सांगून, ग्रहणाचा आणि बाळाच्या पावलांचा काही संबंध नाही, हे त्या आयांना मी आवर्जून सांगतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा सांगतो.

तेव्हाची बाळे आता कर्ती झाली आहेत आणि त्यांची फेरतपासणी मी हाती घेतली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना अशी कुटुंबे ठाऊक असतील, त्यांनी त्यांना माझ्याकडे अवश्य पाठवावे. आणि कोणाच्या घरी वळलेल्या पावलांचे बाळ जन्मले, तर ते मोठे होण्याची वाट न पाहता पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू करावेत, अशी माझी विनंती आहे.