लास वेगासची अंतिम लढत: दुपटीचे तिकीट, ट्रॉपिकानाचा रस्ता आणि दुसऱ्याच्या शेपटीला बांधलेला सामना

लास वेगासला कुस्तीचा कार्यक्रम पाहायला जाणाऱ्यांनी सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, ती म्हणजे आपण घेत असलेले तिकीट नेमके कशाचे आहे. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या मे यंग क्लासिक या महिलांच्या स्पर्धेची पहिली अंतिम लढत 12 सप्टेंबर 2017 रोजी थॉमस अँड मॅक सेंटरमध्ये झाली. ती पाहण्यासाठी मी आणि माझी धाकटी बहीण लॉस एंजेलिसहून गाडीने गेलो होतो, आणि 'अंतिम लढतीचे खास तिकीट' म्हणून आम्हाला जे विकण्यात आले ते प्रत्यक्षात त्या संध्याकाळच्या स्मॅकडाउनचे, म्हणजे कंपनीच्या दर आठवड्याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे, साधे तिकीट निघाले. अंतिम लढतीसाठी वेगळे तिकीट नव्हतेच. स्मॅकडाउन संपल्यावर त्याच खुर्चीत बसून ती पाहायची होती. एप्रिल 2025 मध्ये लास वेगासच्या ॲलिजियंट स्टेडियमवर रेसलमेनिया हा कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम झाल्यापासून ओळखीतले अनेक जण या शहराविषयी विचारतात, म्हणून जे सोसले ते सविस्तर लिहिते आहे.

आमचे तिकीट एका पुनर्विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून घेतले होते. तेथे त्या दिवसाखाली स्मॅकडाउन आणि अंतिम लढत अशा दोन वेगवेगळ्या नोंदी होत्या आणि दुसरीचा दर पहिलीहून बराच चढा होता. त्यावर सेवा शुल्क, त्यावर हाताळणी शुल्क आणि शेवटी ज्या तिकिटाची छपाई आम्ही आमच्याच घरी, आमच्याच कागदावर केली, त्याचे 'पोहोच शुल्क' असे एकावर एक थर चढले. प्रवेशद्वारावर कागद हातात घेऊन नीट वाचला, तेव्हा त्यावर अंतिम लढतीचा उल्लेखसुद्धा नव्हता आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली मूळ किंमत आम्ही मोजलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी होती. आमच्या शेजारी बसलेल्या बाईंनी तिकीट त्याच दिवशी खिडकीवर घेतले होते, छापील किमतीला, आणि त्यांची जागा आमच्यापेक्षा तसूभरही वाईट नव्हती. ही उघड लूट आहे, तिला दुसरा शब्द नाही. तिकीट केवळ सभागृहाच्या अधिकृत विक्रीतूनच घ्यावे, आणि एकाच दिवशी, एकाच ठिकाणी दोन कार्यक्रमांच्या नोंदी दिसल्या तर सभागृहाला फोन करून दोन्हींना प्रवेश वेगळा आहे का, हे विचारल्याखेरीज पैसे भरू नयेत.

हॉटेलांचा प्रकारही याच जातीचा आहे. खोलीचा दर पाहून मनुष्य हुरळून जातो आणि मग प्रत्येक रात्रीमागे 'रिसॉर्ट शुल्क' नावाची रक्कम लागते, जी तुम्ही पोहण्याच्या तलावाकडे फिरकला नाहीत तरी चुकत नाही. आमच्या हॉटेलात या शुल्कामुळे राहण्याचा खर्च जाहिरातीतल्या दराच्या जवळजवळ दीडपट झाला. त्यातच 2016 पासून स्ट्रिप या मोठमोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या कितीतरी हॉटेलांनी गाडी लावण्याचेही पैसे घ्यायला सुरुवात केली होती. 12 मे 2025 पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमानुसार सक्तीची सर्व शुल्के धरून एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते आणि हा नियम हॉटेले व कार्यक्रमांची तिकिटे या दोहोंना लागू आहे. तथापि, शुल्क दिसू लागले म्हणून ते गेले, असे कोणी समजू नये. तुलना करायची ती शेवटच्या आकड्यांचीच.

आता त्या रस्त्याविषयी. थॉमस अँड मॅक सेंटर नेवाडा विद्यापीठाच्या आवारात, ट्रॉपिकाना ॲव्हेन्यू आणि स्वेन्सन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यापाशी आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षात आम्हाला 'दहा मिनिटांची पायवाट' असे सांगण्यात आले. नकाशावर ते पटतेही, कारण स्ट्रिपवरून सरळ पूर्वेकडे निघायचे, कोव्हल लेन ओलांडायची, पॅराडाइज रोड ओलांडायचा, की पुढे स्वेन्सन येतोच. परंतु वेगासमधला एक चौक म्हणजे आपल्याकडचा एक चौक नव्हे. हे अंतर दोन किलोमीटरांहून अधिक आहे, रस्ता सहा-सात पदरी आहे, दक्षिणेला विमानतळाचे आवार आहे आणि सावली म्हणावी अशी जवळजवळ कोठेही नाही. शिवाय वेळ सर्वांत वाईट असते. दूरचित्रवाणीचे थेट प्रक्षेपण पूर्व किनाऱ्याच्या रात्री आठच्या हिशेबाने होत असल्यामुळे वेगासमध्ये कार्यक्रम संध्याकाळी पाचलाच सुरू होतो, म्हणजे चालायचे ते साडेतीन-चारच्या उन्हात. सप्टेंबरमध्येही तेथे पारा पस्तिशी सहज ओलांडतो. पदपथाच्या काँक्रीटमधून येणारी धग चपलेच्या तळव्यातून जाणवत होती, सिग्नलच्या खांबावरचे बटण हाताला चटका देत होते, आणि पॅराडाइज रोडच्या चौकात पादचाऱ्यांच्या दिव्याची वाट पाहताना माझी बहीण खांबाच्या हातभर रुंद सावलीत आडवे पाऊल ठेवून उभी राहिली व म्हणाली, "ताई, कोल्हापूरचा मे महिना याच्यापुढे काहीच नाही गं." डोंगर चढणाऱ्या, रोज पाच-सात किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही मी या वाटेने जाऊ नका असेच सांगेन. पाय दमण्याचा प्रश्नच नाही. डोके तापून माणूस सभागृहात पोहोचतो आणि पहिला तासभर त्याला समोर काय चालले आहे हे धड कळत नाही.

मोनोरेलचा मोह पडू देऊ नये. ती स्ट्रिपच्या पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागून उत्तर-दक्षिण धावते, या सभागृहाकडे जात नाही आणि विमानतळाकडेही नाही. ट्रॉपिकाना ॲव्हेन्यूवरून 201 क्रमांकाची शहर बस धावते. 2017 मध्ये तिचे एकेरी भाडे 2 डॉलर होते आणि आत गारवा होता. ती असताना कोणी चालत का जावे, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

स्पर्धेविषयी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या जुन्या जमान्यातल्या, 2014 मध्ये निवर्तलेल्या मे यंग या कुस्तीगीर महिलेच्या नावाने ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी 32 जणी होत्या. उपान्त्य फेरीपर्यंतच्या सर्व लढती जुलै 2017 मध्ये फ्लोरिडातल्या फुल सेल विद्यापीठात चित्रित करून ठेवल्या होत्या. थेट झाली ती केवळ अंतिम लढत. आपल्याकडून हरियाणाची कविता देवी त्यात उतरली होती. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत वेटलिफ्टिंगचे सुवर्णपदक मिळवलेली ही मुलगी पहिल्याच फेरीत डकोटा काईकडून पराभूत झाली, पण सलवार-कमीज घालून रिंगमध्ये उतरलेली ती उंच, दणकट पोर पाहूनच माझ्या बहिणीने वेगासला जायचा हट्ट धरला होता. या खेळातला निकाल आधी ठरलेला असतो हे आम्हा दोघींना पुरते ठाऊक आहे. अंग आपटते ते मात्र खरेच आपटते, आणि सर्वांत वरच्या दोरावरून झेप घेणाऱ्या बाईला खाली कोणी जाळे धरलेले नसते.

त्या संध्याकाळी स्मॅकडाउनचा शेवट कुस्तीगीर केव्हिन ओवेन्सने कंपनीचा तेव्हाचा प्रमुख विन्स मॅकमहन याला डोक्याने धडक मारून रक्तबंबाळ करण्याने झाला. सारे सभागृह उभे राहून ओरडत होते, आणि तो गदारोळ शमला तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली. वरच्या रांगांमधली माणसे पेल्यातले उरलेले बर्फ खाली ओतून जिन्याकडे निघाली. आमच्या रांगेतलेही एक कुटुंब, मुले पेंगुळली म्हणून, निघून गेले. अशा विझत आलेल्या सभागृहात 32 जणींमधून उरलेल्या दोघींना आणण्यात आले. मी कोल्हापूरची आहे. खासबाग मैदानात एक नंबरची कुस्ती सर्वांत शेवटी लागते आणि ती सुटेपर्यंत कोणी जागचा हलत नाही, कारण बाकीच्या कुस्त्या तिच्यासाठी असतात. येथे उलटे होते. अंतिम लढत दुसऱ्याच कार्यक्रमाच्या शेपटीला बांधली होती. हा निर्णय सरळसरळ चुकीचा होता आणि या मुलींचा त्यात अपमान होता, असे माझे मत आजही कायम आहे.

एका बाजूला शेना बॅझलर, मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेली, यूएफसी या त्याच खेळाच्या स्पर्धांत लढलेली, जिचे सारे डावपेच मागून गळ्याभोवती हात आवळण्याकडे जातात. दुसऱ्या बाजूला जपानची कायरी सेन, महाविद्यालयात शिडाच्या नौकांच्या शर्यतीत उतरणारी आणि पुढे टोकियोच्या स्टारडममध्ये अव्वल विजेतेपद मिळवलेली. बॅझलरच्या मिठीतून कायरी सुटे, पुन्हा सापडे, पुन्हा सुटे, आणि त्या प्रत्येक सुटकेसरशी बसून राहिलेल्यांचा आवाज चढत गेला. शेवटी ती कोपऱ्यातल्या खांबावर चढली तेव्हा सर्वांत वरचा दोर तिच्या तळव्यांखाली थरथरताना आमच्या जागेवरूनही स्पष्ट दिसत होता. ती क्षणभर तशीच तोल सावरत ताठ उभी राहिली आणि मग कोपर पुढे काढून पूर्ण उंचीवरून खाली आली. बॅझलरचे खांदे टेकलेले असतानाच पंचाचे तीन मोजून झाले आणि कायरी जिंकली. माझी बहीण खुर्चीवर उभी राहून रडत होती आणि मीही. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी मी दुप्पट पैसे पुन्हा मोजीन, पण ते पुनर्विक्रेत्याच्या खिशात जाऊ देणार नाही.

या विजयाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. कायरीला चषकाबरोबर एनएक्सटी या कंपनीच्याच नवोदितांच्या कार्यक्रमाच्या रिक्त झालेल्या महिला विजेतेपदासाठी लढण्याची संधी मिळाली, पण 18 नोव्हेंबर 2017 रोजी ह्यूस्टनमध्ये चौघींच्या त्या लढतीत जिंकली एंबर मून. हरलेल्या बॅझलरने एप्रिल 2018 मध्ये न्यू ऑर्लिन्सला एंबर मूनकडून ते विजेतेपद घेतले, म्हणजे अंतिम लढत हरलेली विजेतेपदाच्या पट्ट्यापर्यंत आधी पोहोचली. कायरीने ते 18 ऑगस्ट 2018 रोजी ब्रुकलिनमध्ये बॅझलरला हरवून मिळवले आणि 28 ऑक्टोबरला तिच्याकडेच गमावले. कविता देवीशी मात्र कंपनीने अंतिम लढतीनंतरच्याच महिन्यात करार केला. दुसऱ्या वर्षीची अंतिम लढत, टोनी स्टॉर्म आणि आयो शिराई यांच्यातली, न्यूयॉर्कजवळ केवळ महिलांच्या अशा इव्होल्यूशन या कार्यक्रमात ठेवण्यात आली. तेथे आलेला प्रत्येक प्रेक्षक महिलांच्या कुस्त्या पाहायला आला होता, आणि पहिलीलाही असाच मान मिळायला हवा होता. त्यानंतर ही स्पर्धा झालेली नाही.

परतताना लक्षात ठेवायचे ते इतकेच. सभागृहाच्या दारात उभे राहून ॲपवर गाडी मागवू नये, कारण सगळे एकाच वेळी मागवतात आणि भाडे डोळ्यांदेखत चढते. आम्हाला जातानाच्या कोणत्याही दराच्या तिप्पट आकडा दाखवण्यात आला. विद्यापीठाच्या आवारातून उत्तरेकडे दहा मिनिटे चालत यावे आणि मग गाडी बोलवावी. सूर्य मावळलेला असतो, त्यामुळे हे चालणे सुखाचे होते. पाणी आत महाग मिळते, पण विकत घ्यावेच; त्यात काटकसर करू नये. दुसऱ्या दिवशीचा घरापर्यंतचा महामार्ग मोकळा आणि सरळ होता, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. ॲलिजियंट स्टेडियमला जाणाऱ्यांनी स्ट्रिपच्या दक्षिण टोकाला राहावे, तेथून हॅसिएंडा ॲव्हेन्यूच्या पुलावरून चालत जाता येते आणि मोठ्या कार्यक्रमांच्या वेळी तो पूल पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. तिकीट मात्र तेथलेही अधिकृत विक्रीतूनच घ्यावे, आणि पैसे भरण्याआधी त्यावर कार्यक्रमाचे कोणते नाव छापून येणार आहे ते वाचावे.