हृदयात उतरव, प्रभू

गुरुवार, रात्री उशिरा

मावशींनी आज सगळ्यांसमोर माझ्यासाठी प्रार्थना केली. तशा त्या दर गुरुवारी करतातच. माझ्या पाठीसाठी, धाकटीच्या दहावीसाठी, ह्यांच्या नोकरीसाठी. आज मात्र म्हणाल्या, "प्रभू, ही पुष्कळ वाचते, पुष्कळ बघते. ते सगळं हिच्या हृदयात उतरव." सगळे आमेन म्हणाले. ह्यांचंही आमेन मला स्पष्ट ऐकू आलं.

चहा झाला, पाळकसाहेब निघाले, मी कपबशा विसळल्या. तेव्हापासून तेच एक वाक्य मनात घोळतंय. म्हणजे अजून उतरलेलं नाही, असंच ना? कुणी सांगितलं त्यांना?

मागच्या सभेत मी त्या अल्जेरियातल्या साधूंच्या चित्रपटाबद्दल बोलले होते, म्हणून असेल. 'ऑफ गॉड्स अँड मेन', 2010चा, फ्रेंच. तिभिरीनच्या मठातली ही माणसं. शेजारी मुसलमानांचं गाव. त्यातले एक म्हातारे ब्रदर डॉक्टर, गावातल्या लेकराबाळांना औषध देणारे. यादवी पेटल्यावर निघून जा असं सगळे सांगत असताना हे साधू थांबले. मार्च 1996मध्ये सात जणांना पळवून नेलं, ते जिवंत परतले नाहीत. आपल्या मंडळीत मठ नाहीत, तरी मला ते फार जवळचे वाटले. कारण थांबायचं हे त्यांचं आधीपासून ठरलेलं नसतं. ते घाबरतात, एकमेकांशी वाद घालतात, एकदोघांना तर सरळ निघून जायचं असतं. एक ब्रदर रात्री आपल्या खोलीत देवाला हाका मारतो, मला सोडू नकोस म्हणून, आणि त्या हाका भिंतीपलीकडे बाकीच्यांना ऐकू जातात.

तिथे मी चित्रपट थांबवला होता. रक्तसाक्षी होणारी, विश्वासासाठी जीव देणारी माणसंसुद्धा अशी प्रार्थना करतात, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काहीच मागितलं नाही. नुसतं 'सोडू नकोस' म्हणत बसले. आई गेली त्या वर्षानंतर पहिल्यांदाच. असो. ते उतरणं नव्हतं का? सभेत हे सांगता आलं नाही. गोष्ट सांगितली, खोलीतला तो आवाज माझ्याजवळच राहिला.

आणि वाचण्याबद्दल म्हणाल, तर नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबाने हातात काय दिलं होतं? नवा करारच ना? पुस्तकच ते. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते असे अडकले की संपेपर्यंत सोडवेना. 1895मध्ये इथेच, मुंबईत, त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाचेक वर्षं लागली. 'स्मृतिचित्रे' मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दर वेळी काढते आणि त्या ताटातुटीच्या पानांवर रेंगाळते. नवरा ख्रिस्ताचा झालेला, आणि ही बाई रडत, भांडत, आपल्या पायांनी आपल्या वाटेने येते. आधी जातीचा विटाळ मनातून गेला, ख्रिस्त मग आला. त्या मधल्या वर्षांत कुणी सभेत उभं राहून त्यांच्याबद्दल 'हिच्या हृदयात उतरव' म्हटलं असेल का? म्हटलंही असेल. त्यांना कसं वाटलं असेल?

त्याच प्रवचनात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, येशू सांगतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. मघाशी हे आठवलं आणि वाटलं, मावशींनी माझ्यासाठी तशीच करायला हवी होती. दाराआड.

मग त्यांची भायखळ्याची खोली आठवली. एकच खोली, माणसं सात. कुठलं दार लावणार? नळाला पाणी यायच्या वेळी उठून, डोक्यावर पदर घेऊन, मोरीपाशी हंडे भरता भरता त्या प्रार्थना करायच्या. आजही तसंच करतात. कुणासाठी काय मागितलं ते अंथरुणातल्या पोरांच्या कानावर पडायचं. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला होता, आईची प्रार्थना ऐकूनच आम्हाला कळायचं की बाबांचा पगार झालेला नाही. मनातल्या मनात प्रार्थना करणं त्यांना कधी परवडलंच नाही. भिंतीपलीकडे ऐकू जाणारी त्यांचीही प्रार्थना.

म्हणजे माझं नाव तिथे रोज पहाटे घेतलं जात असणार. किती दिवसांपासून, कोण जाणे. आज फक्त मी समोर होते.

तरी अजून टोचतंय. घरात सगळे झोपलेत आणि मी हे लिहीत बसले आहे. पण एक मात्र लिहिता लिहिता लक्षात आलं. हिचं वाचणं सोडव, हिचे चित्रपट बंद कर, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. सगळं उतरव म्हणाल्या. तो ब्रदरही, टिळकही, गाडीत बसायला जागा मिळाली की मी वाचते ते सगळंच. एवढं मोठं मागणं मी स्वतःसाठी कधी मागितलं नव्हतं.

रविवारी उपासना सुटल्यावर त्यांना विचारणार आहे, बघता का तो चित्रपट माझ्याबरोबर? खाली अक्षरं इंग्रजीत येतात, मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. गुडघ्यांमुळे त्यांना आमचे तीन जिने चढवत नाहीत, तेव्हा लॅपटॉप घेऊन मीच जाईन. दुपारी, त्यांचं जेवण आणि वचन वाचून झालं की.