अस्वल, पुतळा आणि भोंगा: नाटकवाल्याची जोडकामं

नागपुरात हौशी नाटकाच्या तालमी संध्याकाळी साडेसहा-सातला लागतात, कारण निम्मा संच दिवसा बँकेत, शाळेत नाहीतर हिंगणा एमआयडीसीत अडकलेला असतो. तिथून दहापर्यंतचे साडेतीन तास ज्या कामात जातात, ते काम कितीही पैसे देवो, नटाच्या उपयोगाचं नाही. मॉलमधली दोन ते दहाची पाळी या एका कारणानं बाद. जेवणाची डिलिव्हरीही बाद, कारण तिची खरी कमाई नेमकी सात ते दहात असते. मग उरतात ती विचित्र कामं: कुणाच्या लग्नात अस्वल व्हा, कुणाच्या दारात चांदीचा पुतळा व्हा, रिक्षावरच्या भोंग्यात आवाज द्या. ‘काय करून राहिला बे आजकाल?’ या प्रश्नाला उत्तर देताना जीभ अडखळते खरी, पण यातली बरीच कामं एका दिवसात संपतात आणि दुसऱ्या दिवशी तालीम मोकळी मिळते. लग्नाची मात्र संध्याकाळच जाते, म्हणून प्रयोगाच्या आधीच्या पंधरा दिवसांत लग्नाचं काम घेऊ नये.

सुरुवात अस्वलापासून, कारण सगळ्यात जास्त मुलं यातच पडतात आणि सगळ्यात जास्त आजारीही यातच पडतात.

पोशाख दोन तऱ्हेचे. एक फरचा, आत फोमचं डोकं. दुसरा हवा भरायचा, बहुधा डायनासोरचा, कमरेला छोटा पंखा असलेला. फरच्या पोशाखात घाम येतो पण वाळत नाही. आतली हवा दहा मिनिटांत दमट होते, आणि घाम उडून गेल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून पारा ३५ च्या वर असला की वीस मिनिटं आत आणि वीस मिनिटं बाहेर, हे काम घेतानाच ठरवून घ्यायचं. नागपूरचा मे ४५ ला टेकतो. त्या दिवसांत दुपारी उघड्या लॉनवर फरचा पोशाख घालूच नये. पैसे दुप्पट दिले तरी नाही.

दर विश्रांतीला एक पेला ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अंदाजानं पेल्यात ओतलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. आत बनियनवर खिसे शिवून त्यात गोठवलेले जेलचे पॅक फडक्यात गुंडाळून ठेवता येतात, तासभर निभतं. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला, घाम थांबला किंवा साधं नाव आठवेना, तर अस्वलाचं डोकं तिथल्या तिथे काढायचं. ‘पोरांसमोर काढू नका’ हा आयोजकांचा आवडता नियम आहे, पण ऊन लागलेल्या माणसाला तो लागू नाही. सावलीत आडवं करून मान, काखा आणि जांघांवर ओली फडकी, समोर कूलर, आणि शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखाना.

बघायची जाळी बहुधा अस्वलाच्या तोंडात असते. त्यामुळे समोरचं दिसतं, पायाशी काय आहे ते दिसत नाही. कमरेइतकं पोर पायात आलं की कळतच नाही. पाऊल उचलून नाही, घासत टाकायचं. स्टेजच्या पायऱ्या सोबत्याचा हात धरूनच चढायच्या. एकट्यानं अस्वल होऊ नये. सोबती पैशात वाटा मागतो म्हणून त्याला गाळणारे पुढे गुडघ्याला पट्टा बांधून तालमीला येतात.

हवेच्या पोशाखाची दुखणी वेगळी. लग्नात वरात आली की चमकीच्या कागदाचे ब्लास्टर फुटतात. ते कपटे पंख्याच्या तोंडाशी ओढले जातात, पंखा अडकतो आणि डायनासोर भर मांडवात खाली बसतो. पंख्याच्या तोंडावर मच्छरदाणीचा तुकडा रबरानं बांधला की हे टळतं. अनार आणि कोल्ड पायरोपासून (स्टेजवर सोडतात ते ठिणग्यांचे फवारे) मात्र चांगलं दहा पावलं लांब राहायचं, कारण ते कापड नायलॉनचं नाहीतर पॉलिएस्टरचं असतं, ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतं.

आणि गजकर्ण. भाड्याचा पोशाख आधी कुणी घातला होता हे कुणालाच ठाऊक नसतं. आत पूर्ण बाह्यांचा सुती टीशर्ट, सुती पायजमा आणि डोक्याला सुती रुमाल हवाच. फोमचं डोकं धुता येत नाही, म्हणून आतून सर्जिकल स्पिरिट फवारून, उलटं करून पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही. तरी चट्टा उठलाच तर दुकानातून कुठलंही ‘मिक्स’ मलम आणू नका. त्यात स्टिरॉइड असतं, खाज दोन दिवसांत बसते आणि चट्टा महिनाभर पसरतो. त्वचेच्या डॉक्टरची फी एका अस्वलाच्या दिवसात निघते.

पुतळ्याचं काम दिसायला सोपं. वर्धा रोड, कोराडी रोडच्या लॉनच्या दारात चांदीचा नाहीतर सोन्याचा माणूस उभा करायचा, पाहुणे फोटो काढतात. रंगच चुकीचा घेतला की सगळं बिघडतं. हार्डवेअरच्या दुकानातला ॲल्युमिनियम पेंट कपड्यांना चालतो, तोही दोन दिवस आधी मारून वाळवला तर. चामडीला कधीच नाही. अंगाला पाण्यात विरघळणारा बॉडी पेंटच, आणि तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून बघितल्यावर. आधी मॉइश्चरायझर, मग ओलसर स्पंजनं थापत दोन पातळ थर. जाड एक थर हसलं की तडकतो. काढताना खोबरेल तेल चोळून कापसानं पुसायचं, मग साबण. रॉकेल नाही, थिनर नाही.

उभं राहताना गुडघे मागे ताठ आवळून धरले की पायांत रक्त साचतं, मेंदूला कमी पोहोचतं आणि पुतळा तोंडावर पडतो. गुडघे केसाएवढे सैल ठेवायचे, बुटाच्या आत बोटं आवळत-सोडत राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर इतक्या हळू न्यायचं की बघणाऱ्याला कळू नये. अर्ध्या तासानंतर दहा मिनिटं बसणं हवं. श्वास पोटात ठेवणं, नजर एका बिंदूवर टिकवणं, हे सगळं नाटकात लागतंच, म्हणून या कामाला मी अस्वलाच्या वर ठेवतो.

गळ्याची कामं त्याहून वर, फक्त गळा जपून. रिक्षावर भोंगा लावून सेलची जाहिरात फिरते तो आवाज कुणीतरी रेकॉर्ड केलेला असतो, आणि तो ‘कुणीतरी’ बहुधा नाटकवालाच. हिशोब साधा आहे. रिक्षा ताशी १५ किलोमीटरनं चालली तर सेकंदाला चार मीटर सरकते. दारात उभ्या माणसाला ती पन्नासेक मीटरच्या पट्ट्यात नीट ऐकू येते, म्हणजे बारा सेकंद. तेवढ्यात दुकानाचं नाव एकदा तरी कानावर पडलंच पाहिजे, नाहीतर ३५ सेकंदांची सुंदर जाहिरात इतवारीच्या गल्लीत वाया गेली. नाव दर आठ-दहा सेकंदांनी, पत्ता एकदा, फोन नंबर दोनदा आणि अंक सुटे सुटे.

भोंग्यातून खर्ज निघत नाही. खालच्या पट्टीतला घोगरा, रुबाबदार आवाज स्टुडिओत छान वाटतो आणि भोंग्यात नुसती भुणभुण होते. मधल्या पट्टीत, व्यंजनं चावून बोलायचं. घरी रेकॉर्ड करताना कपाट उघडून गाद्या-रजयांच्या मधे माइक, तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवा थेट आपटत नाही. पंखा बंद, कूलर बंद. उन्हाळ्यात हेच खरं कष्टाचं, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे पाचला नाहीतर रात्री अकरानंतर. पुढाऱ्याच्या आवाजाची नक्कल करून निवडणुकीची जाहिरात मागतात, तिला सरळ नाही म्हणायचं.

पथनाट्याची कामं सरकारी योजनांच्या प्रचारात मिळतात: व्यसनमुक्ती, डेंग्यू, मतदान. सहा ते आठ जण, पंधरा मिनिटं, एक ढोलकी, एक डफ. उमरेड, रामटेक, कळमेश्वर तालुक्यांत गावोगाव गाडी फिरते. माइक नसतो. पाराशी किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे आवाज भिंतीवरून लोकांकडे परततो. वारा आपल्या तोंडावर नाही, पाठीवर हवा. दिवसाला तीन प्रयोग गळ्याला झेपतात. पाचचं ठरवणाऱ्या एजन्सीला गळ्याचं काही देणंघेणं नसतं. बिल निघायला प्रत्येक गावात सरपंच नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही, शिक्का आणि ठिकाण-वेळ छापलेला फोटो लागतो. शिक्का राहिला की त्या गावाचे पैसे राहिले. सही प्रयोगानंतर घेऊ म्हटलं तर सरपंच शेतावर गेलेले असतात. आधीच घ्यायची.

आता ज्याच्याबद्दल नागपुरात फारसं कुणी बोलत नाही ते काम: नकली रुग्ण. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिक्षणात आणि परीक्षेत खऱ्या रुग्णाऐवजी शिकवून तयार केलेला माणूस बसवायचा, ही पद्धत डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली. वैद्यकीय किंवा नर्सिंग कॉलेजात ओळख असेल तर विचारून ठेवावं. कागदावर आजाराचा इतिहास येतो: दुखणं कधीपासून, कुठे, जिना चढताना वाढतं का, घरी कुणाला होतं का. खुबी अशी की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. ‘काय त्रास होतो?’ला एकच वाक्य: ‘छातीत भरून येतं डॉक्टर, दोन दिवस झाले.’ पुढचं त्यानं काढायचं. कागदावर नसलेलं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं, मनानं भर घालायची नाही. आणि विसाव्या विद्यार्थ्यालाही पहिल्याइतकंच दुखलं पाहिजे, नाहीतर परीक्षा अन्यायाची होते. रंगून जाणाऱ्या नटाला हे जमत नाही. शंभराव्या प्रयोगाला पहिल्यासारखा उभा राहणारा नट इथे बरोबर बसतो.

झाडीपट्टीच्या नाटकाला मात्र कृपया जोडकाम म्हणू नये. दिवाळीनंतर होळीच्या आसपासपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं, कंपन्यांचा अड्डा वडसा-देसाईगंज. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा इकडच्या बऱ्याच जणांना ती रंगभूमी दिसली. नागपूरच्या नटाला तिथे मोसमभर काम मिळू शकतं. अडचण तारखांची. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा याच थंडीत येते, आणि रात्रभर जागून सकाळी गाडीत झोपलेला माणूस संध्याकाळच्या तालमीत अर्धाच असतो. दोन्ही करू म्हणणाऱ्यानं दिग्दर्शकाला ऑक्टोबरमध्येच खरं सांगावं.

पैशांचं थोडक्यात. निम्मी रक्कम आधी, उरलेली त्याच दिवशी पोशाख परत देण्यापूर्वी. तारीख, तास, विश्रांती, प्रवास, जेवण हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून ‘ओके’ घ्यायचं. एजन्सीला पॅन द्यायचाच, नाहीतर जिथे टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) लागतो तिथे २० टक्के कापतात. कापलेला टीडीएस रिटर्न भरला तरच परत येतो. आणि ऑडिशनसाठी ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘आर्टिस्ट कार्ड’चे पैसे मागणारा फोन तिथेच ठेवून द्यायचा.

शेवटी दाढीचं. मुंबईहून ऑडिशनचा मेसेज दुपारी बाराला येतो आणि व्हिडिओ सहापर्यंत मागतो. डिसेंबरात सांताचं काम घेतलं असेल तर पांढरी दाढी गोंदानं थेट गालावर चिकटवू नका. गोंद ओढून काढला की गाल लाल होतो आणि कॅमेऱ्यात संध्याकाळपर्यंत दिसतो. इलॅस्टिकची दाढी घ्या, कानामागे कापसाचा बोळा ठेवा. पुतळ्याच्या कामात भुवयांना आधी व्हॅसलीन लावून मगच रंग, नाहीतर केसांच्या मुळाशी चांदी दोन दिवस चमकत राहते. पिशवीत एक साधा एकरंगी शर्ट, ओले वाइप्स, फोनचा स्टँड. भिंत साधी, खिडकीचा उजेड समोरून, फोन डोळ्यांच्या उंचीवर. आणि उंची खरी सांगा, मोजून घेतात.